विद्यापीठ म्हणतं, एच-१बी करता येणार नाही

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाने पुण्यात रसायनशास्त्रात पीएचडी केली. गेल्या दिवाळीच्या सुमारास टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी त्याला पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीसाठी, होकार कळवला. "व्हिसाची काळजी करू नकोस, विद्यापीठांना लॉटरी नसते, आमचं ऑफिस एच-१बी करून देईल," असंही ते म्हणाले. (एच-१बी म्हणजे अमेरिकेत कुशल नोकरीसाठी मिळणारा तात्पुरता व्हिसा.) फेब्रुवारीत त्याच प्राध्यापकांचा मेल आला की आता एच-१बीचा अर्ज करता येणार नाही, आम्ही दिलगीर आहोत. तेव्हापासून मुलगा धड जेवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. न्यू जर्सीचे तुमचे दीर म्हणतात की विद्यापीठं परदेशी माणसं स्वस्तात मागच्या दाराने आत घेत होती, ते बंद झालं हे बरंच झालं. त्यात पुण्याचा एक एजंट साडेचार लाखांत "लॉटरी नसलेला एच-१बी" काढून देतो म्हणतोय. मुलाचा साखरपुडा झालाय, होणारी सून आयटीत आहे. २०२७ पर्यंत थांबावं का, हा तुमचा प्रश्न.

थांबू नका, हे आधीच सांगून टाकते. आता सविस्तर.

आधी त्या मेलमागचं कारण. २७ जानेवारी २०२६ रोजी टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी राज्याच्या सरकारी खात्यांना आणि सरकारी विद्यापीठांना नवे एच-१बी अर्ज थांबवायला सांगितलं. ही बंदी ३१ मे २०२७ पर्यंत आहे, आणि मधल्या काळात अर्ज करायचाच असेल तर राज्याच्या रोजगार आयोगाची लेखी परवानगी लागते. त्याआधी ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनीही आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांनी हा व्हिसा वापरणं बंद करावं, अशी भूमिका घेतली होती. म्हणजे प्राध्यापकांनी शब्द फिरवला नाही, त्यांचे हात बांधले गेले. मुलाला हे नीट समजावून सांगा. आपल्यात काहीतरी कमी होतं म्हणून नकार आला, असं त्याला वाटत असणार. तसं काहीही नाही.

आता दिरांचं म्हणणं. ते मी झटकून टाकत नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे.

"मागचं दार" हे मात्र खरं नाही. एच-१बीला वर्षाला ६५,००० ची मर्यादा आहे, आणि अमेरिकेतच मास्टर्स किंवा त्यापुढचं शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात म्हणून लॉटरी. विद्यापीठं, त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्था आणि ना-नफा संशोधन संस्था यांना अमेरिकी काँग्रेसने २००० साली कायदा करूनच या मर्यादेतून वगळलं. त्यामागे व्यवहारही होता. लॉटरीतून निवडलेला माणूस १ ऑक्टोबरच्या आधी कामावर येऊ शकत नाही, आणि तिकडची कॉलेजं ऑगस्टमध्ये सुरू होतात. शिकवणारा दीड महिना उशिरा आला तर वर्ग कोणी घ्यायचा? शिवाय अमेरिकेतल्या पोस्टडॉकपैकी अर्ध्याहून अधिक लोक तात्पुरत्या व्हिसावरचे आहेत. उद्या ते सगळे परतले तर अनेक प्रयोगशाळांचे दिवे बंद होतील.

"स्वस्तात" या शब्दाचं काय? इथे मला दिरांशी निम्मं सहमत व्हावं लागतं. एच-१बी देणाऱ्याला त्या भागातला प्रचलित पगार द्यावाच लागतो. पण १९९८ च्या कायद्याने विद्यापीठांसाठी हा प्रचलित पगार फक्त तशाच शैक्षणिक संस्थांच्या पगारांवरून ठरतो, कंपन्यांच्या पगारावरून नाही. त्यामुळे औषध कंपनीत जे काम जास्त पैशांचं, तेच विद्यापीठात कमी पैशांत कायदेशीरपणे करून घेता येतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२५ साठी नव्या पोस्टडॉकचं वार्षिक मानधन ६२,२३२ डॉलर ठरवलं होतं. पाच-सहा वर्षं पीएचडीत घालवलेला तिथला मुलगा हा आकडा बघतो आणि कंपनीत जातो. आपला मुलगा व्हिसासाठी टिकून राहतो. हा पगार वाढायला हवा, असं मला मनापासून वाटतं, तिथल्या मुलांसाठीही आणि आपल्या मुलांसाठीही. पण पगार ठरवणारं विद्यापीठ, आणि दोष मात्र दोन बॅगा घेऊन विमानातून उतरणाऱ्या मुलाच्या माथी, हे मला पटत नाही.

एक गोष्ट दिरांना जरूर सांगा. या व्हिसावर माणूस घ्यायचा तर पद, पगार आणि ठिकाण लिहिलेली नोटीस कामाच्या जागी लोकांना दिसेल अशी लावावी लागते. माझ्या एका विद्यार्थिनीने तिच्या विभागातल्या फळ्यावर, सुरक्षिततेच्या सूचना आणि जुनी सायकल विकायच्या चिठ्ठीच्या मधोमध टाचलेला असा कागद मला फोटो काढून पाठवला होता. "मॅडम, माझा पगार सगळ्या मजल्याने वाचला," असं म्हणत होती. इतक्या उघड्यावर चालणाऱ्या गोष्टीला मागचं दार म्हणत नाहीत.

आता मुलाचं पुढे काय?

तो म्हणतो की टेक्सास नाही तर दुसऱ्या राज्यातल्या किंवा खासगी विद्यापीठातून एच-१बी करू. टेक्सासचा आदेश खासगी विद्यापीठांना लागू नाही हे बरोबर आहे. पण दुसरी अडचण आहे. २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर मालकाने १,००,००० डॉलर भरायचे, असा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश आहे. आपल्या हिशोबात सुमारे ९० लाख रुपये. यातून विद्यापीठांना सूट दिलेली नाही. आदेश १२ महिन्यांचा आहे, पण तो वाढवता येतो. अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स आणि विद्यापीठांची एक मोठी संघटना याविरुद्ध कोर्टात गेली, पण डिसेंबर २०२५ मध्ये संघीय न्यायाधीशांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. एका पोस्टडॉकच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त रक्कम नुसत्या अर्जासाठी कुठला प्राध्यापक भरेल? म्हणून पुण्यात बसून एच-१बीच्या मागे लागणं मला आज शहाणपणाचं वाटत नाही. आणि ३१ मे २०२७ ची वाट बघण्यातही अर्थ नाही. त्या तारखेनंतर टेक्सास दार उघडेल याची हमी कोणी दिलेली नाही, आणि पीएचडीनंतरचं रिकामं वर्ष रसायनशास्त्रात फार महाग पडतं. दोन वर्षं प्रयोगाला हात न लावलेल्या माणसाला मुलाखतीत पहिला प्रश्न त्याबद्दलच येतो.

मग त्याने त्या मेलला उत्तर काय द्यायचं? एकच प्रश्न विचारायचा: "मला जे-१ वर घेता येईल का?"

टेक्सासचा आदेश एच-१बीपुरता आहे. जे-१ हा संशोधक-विद्यार्थी अदलाबदलीचा व्हिसा वेगळा. त्याला लॉटरी नाही आणि एक लाख डॉलरही नाहीत. जगभरचे बहुतेक पोस्टडॉक वर्षानुवर्षं याच व्हिसावर अमेरिकेत जातात. संशोधकाला तो जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतो. तुम्ही म्हणाल, मग आधीच हा कोणी का नाही सुचवला? कारण आपल्याकडे जे-१ म्हटलं की लोक घाबरतात: "दोन वर्षं परत यावं लागतं." ही भीती पूर्वी बऱ्याच अंशी खरी होती, कारण भारतातली कित्येक क्षेत्रं अमेरिकेच्या कौशल्य यादीत, म्हणजे मायदेशाला ज्यांची गरज आहे अशा कौशल्यांच्या यादीत होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती यादी बदलली आणि भारत त्यातून वगळला गेला. आता दोन वर्षांची अट मुख्यतः सरकारी पैशावर, म्हणजे फुलब्राइटसारख्या शिष्यवृत्तीवर गेलेल्यांना आणि वैद्यकीय प्रशिक्षणाला जाणाऱ्या डॉक्टरांना लागते. प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून पगार निघत असेल तर सहसा लागत नाही. तरी "सहसा" वर विसंबू नका. विद्यापीठ डीएस-२०१९ नावाचा कागद पाठवेल, त्यावर पैसा कुठून येतो ते लिहिलेलं असतं. आणि पासपोर्टवर व्हिसा लागेल तेव्हा त्याच्या खालच्या ओळीत २१२(ई), म्हणजे हीच दोन वर्षांची अट, लागू आहे की नाही, हे छापलेलं असतं. पासपोर्ट हातात आला की आधी ती ओळ वाचायला सांगा.

जे-१ चे तोटेही सांगायला हवेत. कायम प्राध्यापकपदाच्या शर्यतीत या व्हिसावर राहता येत नाही. एकदा संशोधकाचा जे-१ संपला की त्याच प्रकारात परत यायला २४ महिने थांबावं लागतं, म्हणून सहा महिन्यांसाठी जाऊन "बघून येतो" हा विचार सोडून द्या. आणि मुलाखतीत परत येण्याचा हेतू दाखवावा लागतो. पण एक फायदा असा की तिथे असताना पुढे एखाद्या विद्यापीठाने एच-१बी करायचं ठरवलं, आणि देशाबाहेर न जाता व्हिसाचा दर्जा बदलून मिळाला, तर सध्याच्या नियमांप्रमाणे ते एक लाख डॉलर भरावे लागत नाहीत.

विद्यापीठाच्या एच-१बीचीही मर्यादा असते, आणि मुलाने ती आताच समजून घ्यावी. लॉटरीशिवाय मिळालेला तो व्हिसा विद्यापीठाच्या कुंपणातच चालतो. माझ्याकडे आलेला सोलापूरचा एक मुलगा चार वर्षं एका विद्यापीठात एच-१बीवर होता. कंपनीतली उत्तम नोकरी हातात आली, आणि तेव्हा त्याला कळलं की कंपनीसाठी पुन्हा लॉटरीत नाव टाकावं लागणार. तीन वर्षं नाव टाकलं, तिन्ही वर्षं आलं नाही. त्याला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, विद्यापीठाच्या ऑफिसनेही नाही. तुमच्या मुलाचा ओढा औषध कंपन्यांकडे असेल तर त्याने हे लक्षात ठेवूनच आखणी करावी.

एजंटला एक रुपया देऊ नका. एच-१बीचा अर्ज मालक करतो, त्याची फी मालक भरतो. मुलाकडून पैसे घेऊन कुठल्या तरी लहान कॉलेजात कागदोपत्री अर्धवेळ नोकरी दाखवणारे लोक आहेत. पकडलं गेलं की एजंट फोन उचलत नाही, आणि खोटेपणाचा शिक्का मुलाच्या पासपोर्टामागे आयुष्यभर राहतो.

मेलमध्ये जे-१ बरोबर आणखी तीन गोष्टी विचारायच्या: वर्षाचा पगार किती, नेमणूक किती वर्षांची, आणि पगार ज्या अनुदानातून निघणार ते कधी संपतं. २०२५ मध्ये अमेरिकेत अनेक संशोधन अनुदानं मधेच थांबवली गेली, म्हणून तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्राध्यापकांना राग येईल अशी भीती त्याला वाटेल. चांगल्या प्राध्यापकाला येत नाही. तीन आठवड्यांत स्पष्ट उत्तर आलं नाही तर दुसऱ्या प्रयोगशाळांना लिहायला सुरुवात करावी, जर्मनीतल्याही. आणि परतीचा रस्ता माहीत असावा म्हणून त्याने रामानुजन फेलोशिपचे नियम आताच वाचून ठेवावेत. परदेशातून परतणाऱ्या भारतीय संशोधकांसाठीच ती आहे.

सुनेबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी, जरा चाचरत लिहिलंय, पण माझ्या मते तो या प्रकरणातला मोठा मुद्दा आहे. एच-१बीवाल्याच्या पत्नीला तिथे सुरुवातीची बरीच वर्षं नोकरी करता येत नाही. जे-१ च्या जोडीदाराला जे-२ व्हिसा मिळतो, आणि वेगळी परवानगी काढून तिला काम करता येतं. ही परवानगी तिथे पोहोचल्यावर मागायची असते आणि यायला काही महिने लागतात, म्हणून तिने इथली नोकरी सोडताना तेवढ्या महिन्यांचा खर्च हिशोबात धरावा. तिच्यासाठी विद्यापीठ वेगळा डीएस-२०१९ काढतं, त्याला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. कार्यालयाची तारीख मार्गशीर्षातली असली तरी नोंदणी आधी करून घ्यायची का, हे दोन्ही घरांनी एकत्र बसून या महिन्यातच ठरवा.