रात्री एक वाजता सराफ्याचे व्हिडिओ

ताई,

माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. लहानपणी अगदी काडी होती, नववीपासून तिने अंग धरलं. शाळेत मुलं तिला 'भैंस' म्हणून हाक मारतात. सहलीतला तिचा एक फोटो कोणीतरी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि सगळे त्यावर तुटून पडले. महालक्ष्म्यांच्या जेवणाला माझी नणंद चारचौघींत म्हणाली, "अगं, तू तर तुझ्या आईची मोठी बहीण दिसतेस." त्या दिवसापासून ती कोणाकडे येत नाही. कथक सोडलं. एवढ्या उकाड्यातही अंगातलं जॅकेट काढत नाही. चिडचिड करते, अभ्यासात लक्ष नाही.

घरात आम्ही तिला एका शब्दाने दुखवत नाही. उलट एप्रिलपासून तिच्या खाण्याकडे मी जातीने लक्ष देते. नेटवरून चार्ट काढून फ्रिजवर लावलाय. सकाळी लिंबूपाणी आणि लहान वाटी पोहे, शेव न घालता. डब्यात एक फुलका, भाजी, काकडी. संध्याकाळी मखाणे. सातनंतर फक्त मुगाचं कढण. तिला एकटं वाटू नये म्हणून मीही रात्री कढणच घेते. तरी वजन तीन किलो उतरतं आणि पुन्हा चढतं. मुळात तिचा जिभेवर ताबा नाही. रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईलवर सराफ्यातल्या, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, खाण्याचे व्हिडिओ बघत पडलेली असते. दसऱ्याला आणलेला श्रीखंडाचा डबा तिने मध्यरात्री उठून एकटीने संपवला आणि विचारलं तर दार लावून रडत बसली.

डिसेंबरात माझ्या भाच्याचं लग्न आहे. तोवर थोडी उतरेल म्हणून तिचा ब्लाउज अजून शिवायला टाकलेला नाही. लोकांचं बोलणं मनावर घेऊ नकोस, हे तिला कसं समजावू?

एक आई, रामबाग, इंदूर

* * *

बाई,

नणंद, वर्गातली पोरं, तो फोटो, सगळं वाचलं. पण मी अडकले ती तुम्ही जाता जाता केलेल्या मोबाईलच्या तक्रारीत. रात्रीचा एक वाजलाय, घर झोपलंय आणि सोळा वर्षांची पोर पांघरुणात गराडूच्या कंदाचे तुकडे तळले जाताना बघतेय. भुट्ट्याचा कीस बघतेय. एवढ्या मोठ्या जलेब्यावरून पाक निथळताना बघतेय. तुम्हाला त्यात तिची जीभ दिसली. मला पोट दिसलं. तुमची मुलगी उपाशी आहे.

राग येईल, येऊ दे. चार्टमधला एकेक घास मी कागदावर मांडून पाहिला. कितीही सढळ हाताने धरलं तरी दिवसाच्या हजार कॅलरी भरत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांच्या आहाराची गरज नव्याने मांडली, त्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण २५०० कॅलरी लागतात असं दिलंय, आणि बैठं काम करणाऱ्या प्रौढ बाईला १६६०. म्हणजे तिला तुमच्या दीडपट जेवण हवं. तुम्ही तिला देताय निम्म्याहून कमी. मधल्या वेळात शाळेबाहेर ती कचोरी-समोसा काहीतरी खात असणारच. निदान मला तरी तशी आशा आहे.

आणि तुम्ही तिच्या जोडीला कढण पिता, तो त्याग मला अजिबात भावला नाही. त्यातून तिला एवढंच कळतं की या घरात बाईमाणसाने पोटभर जेवायचं नसतं. घरातल्या पुरुषांच्या ताटात रात्री काय असतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. कढण नसावं, असा माझा अंदाज.

एक जुनी हकिकत सांगते, कारण तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी तिच्यात आहेत. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. महायुद्धाने युरोपात उपासमार माजली होती आणि उपाशी माणसांना पुन्हा उभं कसं करायचं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. हे तरुण स्वखुशीने उपाशी राहायला आले. चोवीस आठवडे त्यांना गरजेच्या जवळपास निम्मं जेवण मिळालं, दिवसाला सुमारे १५७० कॅलरी. तुमच्या चार्टपेक्षा जास्तच. ते चिडचिडे झाले, उदास झाले, माणसांत मिसळेनासे झाले. कशात लक्ष लागेना. सारखी थंडी वाजायची. आणि एरवी खाण्यापिण्यात विशेष रस नसलेले गडी पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, पाककृती जमवू लागले. दिवसभर डोक्यात खाणं आणि खाणंच. त्या काळी मोबाईल नव्हता, नाहीतर तेही रात्री एकपर्यंत व्हिडिओ बघत पडले असते. पुढे पोटभर जेवण सुरू झाल्यावरही कित्येकांची भूक बरेच आठवडे भागेना. ढेकर दिला तरी हात थांबत नसे.

हे काही मुळात जिभेवर ताबा नसलेले लोक नव्हते. शरीराला उपास घडला की ते असंच वागतं. एप्रिल ते ऑक्टोबर, तुमच्या मुलीचे चोवीस आठवडे कधीच उलटून गेलेत.

आता त्या श्रीखंडाकडे बघा. संध्याकाळी सातला कढण पिऊन झोपलेली मुलगी मध्यरात्री भुकेने उठली, फ्रिज उघडला, समोर साखर आणि चक्का. ती खाणारच. मला वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. तुम्ही जाब विचारलात आणि ती रडली, कारण तिचं तुमच्याशी एकमत आहे. तिलाही वाटतं की आपण अधाशी आहोत, आपल्यातच काहीतरी खोट आहे. वर्गातली मुलं तेच म्हणतात, आत्या तेच म्हणते. तुम्ही तोंडाने काही म्हणत नाही, पण तुमचं ताट रोज तीन वेळा तेच म्हणतं. इंदुरात राहून पोह्यांवर शेव नाही! अहो, एवढं कडक तर एकादशीलाही कोणी वागत नाही.

नववीपासून अंग धरलं म्हणता. वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी चढतेच. पाळीचं चक्र नीट चालायला ती लागते. हे शाळेतल्या पोरांना कळत नाही, ठीक आहे. तुम्ही त्या वयातून गेला आहात.

मुलांच्या वजनाची काळजी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. काळजी कशी घ्यावी यावर डॉक्टर मंडळींनी विचार केलेला आहे. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी सल्ला दिला, तोही लठ्ठपणा आणि खाण्याचे आजार या दोन्हींचा एकत्र विचार करून. त्यांनी धोक्याच्या गोष्टी सांगितल्या त्या अशा: मुलांनी डाएट करणं, घरात वजनाबद्दल बोलणं, वजनावरून चिडवणं. आणि उपयोगाची म्हणून सांगितलेली गोष्ट म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून जेवणं. तुमच्या घरात धोक्याच्या गोष्टी सगळ्या आहेत आणि उपयोगाची तेवढी नाही.

म्हणून, लोकांचं बोलणं मनावर घेऊ नकोस हे तिला समजावू नका. रिकाम्या पोटी कोणाचं काही समजत नसतं. आज रात्री तिला जेवायला घाला. मी तुम्हाला हे एकच सांगणार आहे, आणि ते वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

वरण, भात, वर तूप, पोळ्या, भाजी, जे एरवी घरात होतं ते सगळं. सगळ्यांनी एका वेळी बसायचं, सगळ्यांच्या ताटात तेच, तुमच्याही. तुम्ही पोळी हातात घेतल्याशिवाय ती विश्वास ठेवणार नाही. पहिल्या दिवशी ती ताट सरकवेल, किंवा तुमच्याकडे संशयाने बघेल, किंवा म्हणेल, "मुझे नहीं चाहिए, मोटी हो जाऊँगी." तिथे भाषण देऊ नका. "खा गं, आता चालेल," असंही म्हणू नका, कारण त्यात परवानगी देणारा हात पुन्हा तुमचाच. पाहुण्याला वाढता तसं वाढा आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला. सकाळी पोह्यांवर शेव, जिरावन मसाला, लिंबू. डब्यात तीन पोळ्या. शाळेतून आल्यावर पोटाला आधार होईल असं काहीतरी. मखाणे देवापुढे ठेवा.

काही दिवस ती खूप खाईल. तुमच्या छातीत धस्स होईल, हात डब्याचं झाकण लावायला जाईल. लावू नका. दिवाळी तोंडावर आहे. चकलीचा डबा वरच्या फळीवर गेला की तिला कळणार आहे तो कोणासाठी गेला. पुढचं जेवण वेळेवर आणि पोटभर मिळणारच आहे, अशी शरीराची खात्री पटायला वेळ लागतो, आणि तुम्ही त्याला सहा महिने फसवलंय. ती खात्री पटली की रात्रीचा फ्रिज आपसूक बंद होतो. त्या मधल्या आठवड्यांत काटा वर गेला तरी तो तुम्ही बघायचा नाही. वजनकाटा घरात असेल तर भंगारवाल्याला द्या.

ब्लाउज या आठवड्यात शिवायला टाका, तिच्या आजच्या मापाने. शिलाईत माया जास्त ठेवायला सांगा. डिसेंबरपर्यंत तो तिचं वजन उतरायची वाट बघत राहिला, तर लग्नाच्या आदल्या रात्री ती ताप आल्याचं सांगून घरी राहील आणि तुम्ही ते खरं मानाल.

बाकीचं चटकन. तो फोटो आणि त्याखालचं लिखाण, दोन्हींचे स्क्रीनशॉट घेऊन तुम्ही आणि तिचे बाबा वर्गशिक्षिकेला भेटा. हे काम तिच्या अंगावर टाकू नका. नणंदेला फोन करून सांगा की मुलीच्या अंगावरून पुन्हा बोललात तर मी तिला घेऊन पानावरून उठेन. आणि खरंच उठा. कथकचं मात्र आत्ता काढू नका. ती स्वतःहून घुंगरू शोधायला लागली तर फीचे पैसे तयार ठेवा, बास.

पाळीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. तिला विचारा. तीन महिने आली नसेल, चक्कर येत असेल, किंवा जेवण झाल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन उलटी काढते असं तुमच्या लक्षात आलं, तर माझ्या उत्तरावर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलली, तर त्याच मिनिटाला सरकारच्या टेली-मानस सेवेला फोन लावा. नंबर १४४१६, रात्रंदिवस चालू, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. तिला स्वतःला त्यांच्याशी बोलायचं असेल तर फोन तिच्या हातात देऊन खोलीबाहेर या.

फ्रिजवरचा चार्ट आजच काढा, पण फाडू नका. घडी करून पर्समध्ये ठेवा. डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर त्यांनी तिला वजनकाट्यावर उभं करण्याआधी तुम्ही तो त्यांच्या टेबलावर ठेवा आणि सांगा की हा मी लावला होता.