तारकर्लीच्या फोटोला गोवा लिहू नका : स्टॉक फोटोंबद्दल वाचकांचे प्रश्न

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या की कॅमेरेही कपाटाबाहेर येतात आणि माझ्याकडे पत्रं येऊ लागतात. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांचा घोळ तोच : फोटो झाले, आता स्टॉक फोटो, म्हणजे कुणालाही वापरायला घेता येतील असे फोटो विकणाऱ्या चार एजन्सींना ते द्यायचे कसे आणि त्यांना कीवर्ड, म्हणजे फोटो शोधताना सापडावा म्हणून जोडायचे शब्द, काय लावायचे? दरवेळी एकेकाला उत्तर लिहिण्यापेक्षा यंदा निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, अलामी आणि ड्रीम्सटाइम अशा चार ठिकाणी फोटो देतो. प्रत्येक ठिकाणी मथळा आणि पन्नास शब्द पुन्हा टाइप करताना रात्र सरते. सोपा मार्ग आहे का? – वाचक, वेंगुर्ले

आहे, आणि तो बरीच वर्षं आहे. मथळा, वर्णन आणि कीवर्ड फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवायचे. जेपेग फाइलच्या पोटात आयपीटीसी नावाचे रकाने असतात. त्यात एकदा लिहिलं की फाइल जाईल तिथे मजकूर तिच्याबरोबर जातो आणि अपलोड झाल्यावर एजन्सीची साइट तो आपोआप वाचते. लाइटरूम किंवा ब्रिज हे अडोबीचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात करा. पैसे घालायचे नसतील तर डिजीकॅम आणि एक्सएनव्ह्यू एमपी घरगुती वापराला फुकट आहेत. मथळ्याचा आणि वर्णनाचा असे दोन्ही रकाने भरा, कारण सगळ्या एजन्सी एकच रकाना वाचत नाहीत. कीवर्डांमध्ये स्वल्पविराम द्या.

आता आकडे. शटरस्टॉक किमान ७ आणि कमाल ५० कीवर्ड घेते, अडोबी ४९, अलामी ५०, ड्रीम्सटाइम ८०. म्हणून ४९च्या आत राहा, चारही ठिकाणी चालेल. खरं तर पंचवीस-तीस नेमके शब्द पुष्कळ झाले. अडोबी पहिल्या दहा शब्दांना जास्त वजन देते आणि लाइटरूम क्लासिक तुमचे शब्द वर्णानुक्रमे लावून टाकते. त्यामुळे अडोबीच्या साइटवर गेल्यावर महत्त्वाचे दहा शब्द हाताने वर ओढायचे. अलामीवर दहा ‘सुपरटॅग’, म्हणजे सर्वांत महत्त्वाचे शब्द, निवडता येतात, तेही तिथेच करावे लागतात. हे काम एका फोटोला मिनिटभराचं आहे.

पाठवायला फाइलझिलासारखं एफटीपीचं, म्हणजे बऱ्याच फाइली एकदम साइटवर चढवण्याचं साधन वापरा. गावात रात्री नेट बरं चालतं, तेव्हा रांग लावून झोपा. आयस्टॉकला पुढे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा : तिथे ठरावीक शब्दकोशातलेच शब्द निवडावे लागतात. तिथला वेळ वेगळा काढा.

एकच फोटो एकापेक्षा जास्त एजन्सींना दिला तर गुन्हा होतो का? – वाचक, अलिबाग

नाही. तुम्ही ‘एक्सक्लुझिव्ह’, म्हणजे फक्त त्याच एजन्सीला फोटो देण्याचा करार केला असेल तर मात्र देता येत नाही. काय केलं आहे ते आठवत नसेल तर एजन्सीला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

मोबाइलवरचा फोटो चालतो का? – वाचक, श्रीवर्धन

चालतो. शटरस्टॉक आणि अडोबीला किमान ४ मेगापिक्सेल लागतात. झूम करून काढलेला आणि फिल्टर मारलेला देऊ नका.

मी कीवर्ड घालून फोटो मुंबईच्या भाच्याला व्हॉट्सॲपवर पाठवते, तो अपलोड करतो. पण त्याच्याकडे कीवर्ड पोचतच नाहीत. – वाचक, देवगड

व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि आतला मजकूर काढून टाकतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

तारकर्लीच्या किनाऱ्याचे फोटो विकले जात नाहीत. एका मित्राने सांगितलं की ‘गोवा’ हा कीवर्ड घाल, लगेच खपतील. घालू का? – वाचक, मालवण

घालू नका. या प्रश्नाचं उत्तर लांबेल, कारण वर्षात सर्वांत जास्त वेळा मला हाच विचारला जातो आणि दरवेळी तेवढंच वाईट वाटतं.

आधी धंद्याचं बोलू. ‘गोवा बीच’ असं शोधणाऱ्याला गोव्याच्याच फोटोंचा ढीग दिसतो. त्या ढिगात तुमचा फोटो तळाला जातो. ज्याला तारकर्ली हवी होती त्याने तो पाहिलाच नाही आणि ज्याला गोवा हवा होता त्याने तो घेतला नाही, म्हणजे दोन्हीकडून गेला. शिवाय फोटोशी संबंध नसलेले शब्द घालणं सगळ्याच मोठ्या एजन्सींच्या नियमात बसत नाही. फोटो परत येतात आणि वारंवार घडलं तर खात्यावर येतं.

आता दुसरी बाजू. स्टॉक फोटो घेणारा माणूस हजारो मैलांवर बसलेला असतो. त्याने ना मालवण पाहिलेलं असतं, ना पणजी. तुम्ही लिहिलं तेच तो छापतो : पाठ्यपुस्तकात, प्रवासाच्या पुस्तिकेत, बातमीखाली. एकदा छापलं की ते खोडायला कुणी जात नाही. आपल्या किनाऱ्याचं नाव आपणच पुसायचं आणि मग म्हणायचं की कोकण कुणाला माहीत नाही!

माझ्या हातून हे झालेलं आहे. दापोलीजवळच्या मुरुडच्या सुरूच्या बनाचा फोटो मी घाईत ‘मुरुड, रायगड’ असा पाठवला. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात, कर्द्याशेजारचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात. साचा जुना होता, त्यातला जिल्हा बदलायचा राहिला. पर्यटनाच्या एका पुस्तिकेत तो फोटो जंजिऱ्याच्या मजकुराशेजारी छापून आला. मी एजन्सीत दुरुस्ती केली, पण छापलेल्या प्रती तशाच राहिल्या. तेव्हापासून ‘पाठवा’ हे बटण दाबण्याआधी मी गाव, तालुका, जिल्हा मोठ्याने वाचतो.

असे सापळे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सिंधुदुर्ग हा किल्लाही आहे आणि जिल्हाही. ‘फोर्ट’ शब्द न जोडता नुसतं सिंधुदुर्ग लिहिलं तर आंबोलीचा धबधबा किल्ल्याच्या रांगेत जाऊन बसतो. वेळास मंडणगड तालुक्यातही आहे आणि श्रीवर्धनकडेही. इंग्रजी स्पेलिंगचं वेगळंच : मालवण ‘व्ही’ने लिहितात तसं ‘डब्ल्यू’नेही लिहितात, वेंगुर्ल्याच्या शेवटी कुणी ‘ए’ लावतं, कुणी ‘ई’. दोन्ही रूपं कीवर्डात घाला. हा भरताडपणा होत नाही, कारण दोन्ही नावं खरी आहेत.

मग खपण्यासाठी काय करायचं? फोटोत काय चाललं आहे ते लिहायचं. एक उदाहरण घेतो. तारकर्लीला सकाळी रापण ओढतानाचा फोटो आहे. दोन बाजूंना माणसांच्या दोन रांगा, दोर खांद्यावरून मागे गेलेला, टाचा वाळूत रुतलेल्या, मध्ये अर्धगोल जाळं आणि त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी. मित्राच्या पद्धतीने याला ‘बीच, सी, गोवा, हॉलिडे, पॅराडाइज’ लागेल. त्यात सुट्टी कुठे आहे? माणसं राबताहेत. मी मथळा लिहीन : ‘महाराष्ट्रातील तारकर्ली किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे मच्छीमार’. पहिले दहा शब्द (पाठवताना इंग्रजीत; यातलं ‘सीन’ म्हणजे seine, ओढायचं जाळं, देखावा नव्हे) : बीच सीन, शोअर सीन, फिशरमेन, पुलिंग नेट, ट्रॅडिशनल फिशिंग, तारकर्ली, मालवण, कोकण, महाराष्ट्र, इंडिया. त्यानंतर रापण, टीमवर्क, रोप, मॅन्युअल लेबर, कोस्टल लाइव्हलीहूड, अरेबियन सी, मॉर्निंग. मत्स्यव्यवसायावर लिहिणाऱ्याला ‘शोअर सीन’ने सापडेल, कष्टांवरच्या लेखाला ‘मॅन्युअल लेबर’ने, आणि कोकण शोधणाऱ्याला कोकणाने. घारी स्पष्ट दिसत असतील तरच त्यांचा शब्द घाला. ठिपक्याएवढ्या असतील तर सोडा.

माशांची नावं काय लिहायची? बाजारातलं नाव चालतं का? – वाचक, हर्णै

तीन नावं लिहा : आपलं, इंग्रजी आणि शास्त्रीय. बांगडा म्हणजे इंडियन मॅकरल, रास्ट्रेलिगर कानागुर्टा. पापलेट म्हणजे सिल्व्हर पॉम्फ्रेट. बोंबील म्हणजे बॉम्बे डक, हार्पाडॉन नेहेरियस. इथे ‘बॉम्बे डक’ हा जोडशब्द एकत्रच ठेवा, ‘डक’ सुटा घातला तर तुमचे वाळत घातलेले बोंबील बदकांच्या फोटोंत जातील. शास्त्रीय नावाची खात्री लिलावात उभ्या माणसाकडून होत नाही, गावाला एकाच माशाची चार नावं असतात. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे, फोटो दाखवून तिथे विचारा. खात्री होईपर्यंत नुसतं ‘फिश’ लिहिलेलं बरं.

एक कोर्स आहे : फी भरा, एआय सॉफ्टवेअर मिळेल, ते एका क्लिकमध्ये कीवर्ड लावतं, महिना पन्नास हजार घरबसल्या. भरू का? – वाचक, चिपळूण

भरू नका. शटरस्टॉकवर जून २०२०पासून एका डाउनलोडमागे कमीत कमी १० सेंट मिळतात, अडोबी फोटोच्या विक्रीतला ३३ टक्के वाटा देते. यावरून पन्नास हजारांना किती डाउनलोड लागतील ते तुम्हीच मांडा. ज्यांचं या धंद्यातलं उत्पन्न फी गोळा करण्यातून येतं, त्यांच्या स्वतःच्या फोटोंची पानं आधी मागा. बहुतेक देत नाहीत.

आपोआप कीवर्ड देणाऱ्या सोयी एजन्सींच्या साइटवर फुकटच असतात. कच्चा माल म्हणून त्या घ्या, पण प्रत्येक शब्द वाचून. माड आणि होडी दिसली की या सोयी केरळ, थायलंड, कॅरिबियन सुचवतात. कातळशिल्पांना ‘फॉसिल’ सुचवलेलं मी पाहिलं आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, जगभरचे अभ्यासक ती शोधतात, त्यांना ‘जिओग्लिफ’ आणि ‘पेट्रोग्लिफ’ हेच शब्द हवेत.

दशावतारातले कलाकार, बाजारातल्या मावश्या यांचे फोटो देताना सही घ्यावीच लागते का? – वाचक, कुडाळ

जाहिरातीसाठी, म्हणजे कमर्शियल परवान्याने द्यायचा असेल आणि माणूस ओळखू येत असेल तर मॉडेल रिलीजवर, म्हणजे त्याच्या संमतीपत्रावर, सही लागते. लहान मूल असेल तर पालकांची. रंगवलेला चेहराही ओळखू येतो, हे विसरू नका. सही नसेल तर ‘एडिटोरियल’मध्ये, म्हणजे फक्त बातम्या-लेखांसाठी द्या. तिथे शटरस्टॉकला ओळ ठरलेल्या साच्यात लागते : गाव, देश, आडवी रेघ, महिना-दिवस-वर्ष, मग घटना. तारीख कॅमेऱ्याच्या घड्याळावरून जाते, म्हणून ते घड्याळ आधी बरोबर लावा.

सही घेताना कागद इंग्रजीत असतो. मासळीची पाटी उतरवून घाईत असलेल्या बाईपुढे तो धरून ‘इथे करा’ म्हणणं मला पटत नाही. फोटो कुठेही, कशाच्याही जाहिरातीत येऊ शकतो, हे तिच्या बोलीत सांगा, मग विचारा. नाही म्हणाली तर विषय संपला. पैशांचं किंवा मंडळाच्या हक्काचं काही असेल तर वकिलाला दाखवून घ्या.

वेळासची कासवं, किल्ले आणि ड्रोनचे फोटो देता येतात का? – वाचक, गुहागर

तिन्हींसाठी आधी विचारा, मग काढा. ऑलिव्ह रिडले कासवाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली पूर्ण संरक्षण आहे. पिल्लं समुद्रात सोडताना वनखात्याचे लोक सांगतील तिथेच उभं राहा, फ्लॅश मारू नका. कीवर्डात ‘ऑलिव्ह रिडले’ लिहा, ‘ग्रीन टर्टल’ ही वेगळी जात आहे.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत आले. तेव्हापासून त्यांना मागणी असेल म्हणून घाई करणारे बरेच जण दिसतात. तिपाई लावायची असेल किंवा फोटो जाहिरातीला द्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारा. ड्रोनसाठी डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर आधी जागा बघा. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या पट्ट्यातसुद्धा किनारा सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक असतो, तेव्हा पोलीस ठाण्यात कळवल्याशिवाय उडवू नका.

डॉलरमधून कर कापला जातो. काय करावं? – वाचक, रत्नागिरी

अमेरिकी एजन्सीच्या खात्यात डब्ल्यू-८ बेन हा अर्ज पॅन क्रमांकासह भरा. तो नसेल तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, भारत-अमेरिका कर करारानुसार भरला तर १५. इथल्या विवरणपत्राचं आणि जीएसटीचं सीएला विचारा. शेजाऱ्याने काय केलं ते त्याच्यापुरतं असतं.

आठ वर्षांचे सहा हजार फोटो हार्ड डिस्कवर आहेत. सगळे नीट लावून मगच पाठवायचे ठरवलं आहे, पण सुरुवात होत नाही. – वाचक, सावंतवाडी

सगळे लावून होणार नाहीत, त्यामुळे ती अट काढून टाका. आधी आजच डिस्कची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. आपल्या दमट, खारट हवेत एका डिस्कवर आठ वर्षं ठेवणं फार धोक्याचं आहे.

मग एकच दिवस निवडा, समजा एका शिमग्याचा. त्यातले चांगले पंधरा घ्या, एकसारखे दिसणारे बाजूला ठेवा. पंधराही फोटो एकदम निवडून गाव, तालुका, जिल्हा, तारीख आणि सणाचं नाव सगळ्यांना एका फटक्यात लावा. नंतर पालखीचे वेगळे, ढोलवाल्यांचे वेगळे असे गट करून त्या त्या गटाचे शब्द घाला. शेवटी एकेक फोटो उघडून त्यात जेवढं दिसतं तेवढंच जोडा. हात बसला की पंधरा फोटोंना तासाभरापेक्षा जास्त लागत नाही. ते चारही ठिकाणी पाठवा आणि कुठल्या एजन्सीने कोणता फोटो काय कारण देऊन परत केला ते वहीत लिहा. ती वही आणि परत आलेले फोटो मला पाठवलेत तर पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं ते सांगता येईल.