आजीची बोरमाळ, मोत्यांची नथ, रोजचे मंगळसूत्र आणि चांदीचे पैंजण घरच्या घरी कसे स्वच्छ करावेत? टूथपेस्ट चालेल का?

टूथपेस्ट चालणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. दातांवरचे किटण घासून काढण्यासाठी तिच्यात बारीक भुकटी असते आणि बावीस कॅरेटचे सोने, ज्याच्या हजार भागांत 916 भाग शुद्ध सोने असते, ते इतके मऊ असते की त्या भुकटीने त्यावर सूक्ष्म चरे पडतात व झळाळी उलट मंदावते. दुसरी गोष्ट, आपण लिहिलेले चारही दागिने एकाच पाण्यात कधीही घालू नयेत. दागिना सोन्याचा आहे की चांदीचा एवढेच पाहून भागत नाही. तो आतून कशाने भरला आहे आणि कशात ओवला आहे हे पाहावे, आणि त्यातल्या सर्वांत नाजूक भागाला जे सोसेल तेवढेच करावे.

बोरमाळेबाबत मी हे स्वतः नुकसान करून शिकले आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंची बोरमाळ मी हौसेने साबणाच्या कढत पाण्यात बुडवून ठेवली. जुन्या बोरमाळेचे मणी भरीव नसतात. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या आत लाख भरलेली असते आणि ती उष्णतेने मऊ होते, हे मला ठाऊक नव्हते. काही मण्यांच्या भोकांतून लाख बाहेर आली आणि पुसताना दोन मणी बोटांखाली चेपले. येथील सराफ बाजारातल्या एका वयस्कर कारागिरांनी लाख पुन्हा भरून ते मणी सारखे करून दिले; पण सासूबाई एका शब्दानेही रागावल्या नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून आपल्या आजीची बोरमाळ पाण्यात घालूच नका. मलमलीचा तुकडा जेमतेम ओलसर करून एकेक मणी हलक्या हाताने पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्या. पुतळ्यांची माळ किंवा कुंदनाचा दागिना असेल तर त्यालाही हेच लागू आहे, कारण तेथेही आत लाख असू शकते.

मंगळसूत्राच्या वाट्या आणि सोन्याची साखळी यांवर बसलेला थर गंजाचा नसतो, कारण सोने गंजत नाही. तो घाम, तेल, हळद आणि साबण यांचा असतो. त्यासाठी कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब किंवा रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचे गाळलेले पाणी पुरते. दहा मिनिटे ठेवून लहान मुलांच्या मऊ ब्रशने सांधे साफ करावेत आणि नळाखाली न धरता भांड्यातल्या पाण्यात खंगाळावे. काळे मणी दोऱ्यात ओवलेले असतील तर मात्र फक्त वाट्या धुवाव्यात, कारण भिजलेला दोरा आतून कुजतो आणि एक दिवस गर्दीत तुटतो.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत हे अधिक वेगाने घडते. खाण्याचा सोडा येथे उपयोगी आहे, मात्र घासण्यासाठी नव्हे. काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरावी, त्यावर पैंजण फॉइलला टेकतील असे ठेवावेत, एक-दोन चमचे सोडा टाकून वर गरम पाणी ओतावे. काही मिनिटांत काळेपणातले गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी घासली न जाता मूळ रंगावर येते. पैंजणांवर मिनाकाम, खडे किंवा मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी असेल तर हा उपाय करू नये. घुंगरांत पाणी साचते, म्हणून पैंजण धुऊन पुसल्यावर दिवसभर पंख्याखाली ठेवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच हवाबंद पिशवीत घालावेत. त्यांना रबरबँड गुंडाळू नये. रबरातही गंधक असते.

नथ सर्वांत जपावी. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, चिंच यांपैकी काहीही लागले तरी त्याचे पाणी कायमचे जाते; अत्तर आणि केसांवरचा फवाराही वाईट. नथ सर्व साजशृंगार झाल्यावर घालावी, उतरवताना सर्वांत आधी उतरवावी आणि मऊ कापडाने पुसून वेगळ्या डबीत ठेवावी. मोत्यांची तार किंवा माळांचा दोरा सैल वाटला की पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्या कारागिराकडून, पुन्हा गाठवून घ्यावा.

एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. दारावर येऊन दागिने चमकवून देतो म्हणणाऱ्यांच्या हाती काहीही देऊ नका. त्यांच्या पातेल्यातल्या द्रावणात सोने विरघळवणारी आम्ले असू शकतात, आणि चमकदार होऊन परत आलेल्या बांगडीचे वजन कमी भरते. दुकानात पॉलिश करायला देतानाही आपल्यासमोर आधी व नंतर वजन करून घ्या.