एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा क्लच घरी बदलता येतो का?

येतो, पण गिअरबॉक्स खालून उतरवून काम होईल असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा, १९६२ ते १९८० मधली कुठलीही एमजीबी असो, इंजिन उचलून बाहेर घ्यावंच लागतं, म्हणजे चेन कप्पी आणि मदतीला एक माणूस पाहिजेच. त्याआधी मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारे दोन सिलिंडर, नक्की बघा, बरेचदा गळती तिथेच असते आणि क्लच चांगला असतो. इंजिन काढलंच तर नुसती क्लच प्लेट बदलून बंद करू नका, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी), रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटवर टेकणारं), क्रँकच्या टोकातला छोटा बुश सगळं नवीन टाका. प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध बसवा, जराशी सरकली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. आणि हे रिलीज बेअरिंग म्हणजे काळी कार्बनची रिंग असते, क्लच दाबलेला असेपर्यंत घासून झिजते, त्यामुळे सिग्नलला क्लच दाबून थांबू नका, न्यूट्रल करा.