आरव्हीत पाणी नेमकं कुठून गळतंय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या किंवा ट्रेलरच्या, नळांना पाणी दोन वाटांनी येतं. एक वाट टाकीतून, १२ व्होल्टच्या पंपामार्फत. दुसरी कॅम्पग्राउंडच्या नळाला लावलेल्या होजमधून, जिला सगळे सिटी वॉटर म्हणतात. पंपाच्या पुढे दोन्ही एकाच पाइपात मिळतात. या वेळचे सगळे प्रश्न गळतीचे आहेत, म्हणून सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती: कपाटाची पॅनल किंवा तळाचं कव्हर उघडण्याआधी गळती कोणत्या भागात आहे हे दाबावरून ठरवा. पाणी जमिनीच्या प्लायवरून चार-पाच फूट वाहत जाऊन भलत्याच कोपऱ्यात वर येतं. ओल दिसली तिथेच खोलत बसलं की दिवस जातो आणि गळती सापडत नाही.

न्यू जर्सीहून: आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये सगळे नळ बंद असतानाही पंप रात्रभर दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन सेकंद चालतो. थेंब कुठेच दिसत नाही. पंप बदलावा का?

एवढ्यात नको. पंपाच्या डोक्यात दाबाचा स्विच असतो. बहुतेक पंपांत तो साधारण ५५ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) पंप बंद करतो आणि दाब ४० च्या आसपास उतरला की पुन्हा चालू करतो. नळ बंद असताना पंप चालतोय म्हणजे पाणी निसटतंय, आणि त्याला तीन वाटा आहेत: गाडीतला एखादा सांधा, सिटी वॉटरचं बाहेरचं तोंड, किंवा पंपातूनच उलटं टाकीत.

आधी सोपं बघा. पंप चालू ठेवून सिटी वॉटरच्या तोंडाला कोरडा टिश्यू पेपर लावून धरा. ओला झाला तर तिथला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, गेलाय. वाळूचा कण अडकलेला असतो किंवा रबर कडक झालेलं असतं. आतली पिन दाबून कण सोडवता येतो, पण त्याआधी पंप बंद करून एखादा नळ उघडा आणि दाब पूर्ण काढून टाका. दाब असताना पिन दाबली तर आतला भाग जागेवरून निसटतो आणि सगळं तोंडच बदलावं लागतं.

मग कमोड. भांडं रिकामं करून कोरडं पुसा आणि वरच्या कडेखाली टिश्यूची पट्टी चिकटवून तासभर ठेवा. कमोडचा पाण्याचा व्हॉल्व्ह आत झिरपत असेल तर पाणी थेट मैल्याच्या टाकीत जातं आणि बाहेर कधीच दिसत नाही. ‘थेंब कुठेच नाही’ अशा तक्रारीत आमचा पहिला संशय यावरच असतो. बाहेरच्या शॉवरकडेही बघा. बरेच जण शॉवरच्या हातातलं बटण बंद करतात आणि मागचे दोन्ही नळ उघडे राहतात. मग होज, बटण आणि वॉशर सतत दाबाखाली राहतात, शिवाय गरम आणि थंड लाइन तिथे एकमेकींना मिळतात. तसं असेल तर पुढच्या चाचण्यांना काही अर्थ उरत नाही.

इथवर सगळं कोरडं निघालं तर पंप तपासा. पंपातून बाहेर जाणाऱ्या पाइपावर अर्ध्या इंचाचा एक छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवा; तो पुढे कायम कामाला येतो. पंप दाब भरून थांबला की व्हॉल्व्ह बंद करा आणि पंपाचा स्विच चालूच ठेवा. तरीही पंप मधूनमधून चालला, तर दोष पंपाच्या आतल्या चेक व्हॉल्व्हमध्ये आहे. तासभर शांत राहिला, तर पंप निर्दोष आणि गळती पुढे आहे. पंपाच्या चेक व्हॉल्व्हमधल्या दोषाची दुसरी खूण अशी: सिटी वॉटरवर असताना टाकी आपोआप भरत जाते. टाकीला भोकं पाडताना आत राहिलेला प्लॅस्टिकचा कीस त्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेला अनेकदा सापडतो. पंपाचं डोकं उघडून स्वच्छ करा. बहुतेक कंपन्यांचे व्हॉल्व्हचे संच सुटे मिळतात, तेव्हा पूर्ण पंप घ्यायची गरज पडत नाही.

गळती पुढे आहे असं ठरलं तर गरम आणि थंड बाजू वेगळ्या करा. वॉटर हीटर बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, कारण पाणी तापताना दाब चढतो आणि निवताना उतरतो, आणि मग काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. कॅम्पग्राउंडचा नळ, रेग्युलेटर (येणारा दाब मर्यादेत ठेवणारा भाग), दाबाचा काटा, होज, गाडी अशा क्रमाने जोडा. दाब भरला की कॅम्पग्राउंडचा नळ बंद करून अर्धा तास काटा बघा. होजच्या टोकाचे वॉशर आधी तपासा, नाहीतर त्यांचीच गळती मोजत बसाल. काटा उतरत असेल तर हीटरच्या मागच्या बाजूचा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आणि बायपास (हीटर वगळून पाणी पुढे नेणारी वाट), दोन्ही बंद करून पुन्हा मोजा. आता काटा स्थिर राहिला तर दोष हीटरमध्ये किंवा गरम लाइनमध्ये आहे. उतरतच राहिला तर थंड लाइनमध्ये. एवढं कळल्यावर त्या लाइनच्या प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू ठेवा आणि रात्रभर दाब राहू द्या.

ओहायोहून: पंप थांबतच नाही. नळातून पाणी आणि हवा आळीपाळीने फसफसत येते. गळती मात्र शून्य.

टाकीत पाणी पुरेसं असेल तर गळती आहे, फक्त ती पंपाच्या ओढत्या बाजूला आहे. तिथे पाणी बाहेर पडण्याऐवजी हवा आत खेचली जाते. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाची गाळणी असते. झाकणाखालची रबरी रिंग मुरगळलेली आहे का, हिवाळ्यात झाकणाला तडा गेलाय का, ते बघा. पंप चालू असताना त्या झाकणातून बुडबुडे जाताना दिसले तर दोष गाळणी आणि टाकी यांच्या मधे आहे. खात्री करायची असेल तर टाकीचा पाइप सोडवा आणि गाळणीला आखूड होज जोडून तिचं दुसरं टोक बादलीत बुडवा. आता पाणी अखंड आलं, तर टाकीपर्यंतचा पाइप आणि त्याच्या क्लिपा घट्ट करा किंवा बदला.

मिशिगनहून: हिवाळ्याआधी टाकी रिकामी केली होती. एप्रिलमध्ये पाणी भरलं तर सिंकखालून आणि कमोडच्या मागून धार लागली. पाइप फुटले असतील का?

पाइप बहुधा शाबूत आहेत. पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. पेक्स, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा पाइप, तेवढा ताणला जातो आणि पूर्ववत होतो. त्याला जोडलेले प्लॅस्टिकचे एल्बो, टी, नळांचे कार्ट्रिज आणि व्हॉल्व्ह ताणले जात नाहीत, ते तडकतात. टाकी रिकामी केली तरी कमोडचा व्हॉल्व्ह, पंप आणि गाळणी, बाहेरचा शॉवर, सिटी वॉटरचं तोंड, फ्रिजच्या आइसमेकरची लाइन इथे पाणी राहतं. याच क्रमाने तपासत जा.

तडकलेला एल्बो बदलताना पाइप काटकोनात कापा. तिरका कापलेला पाइप फिटिंगवर पूर्ण बसत नाही. तांब्याची रिंग पाइपाच्या टोकापासून ३ ते ६ मिलिमीटर आत ठेवून क्रिंप करा, म्हणजे हत्याराने आवळा, आणि रिंग पुरेशी आवळली का हे दाखवणाऱ्या गो-नो-गो गेजने तपासा. गेजची पायरी अनेक जण गाळतात, आणि किंचित सैल राहिलेली रिंग पहिल्या प्रवासातच पाझरते. क्रिंपिंगचं हत्यार नसेल किंवा हात पोचत नसेल तर पुश-फिट, म्हणजे पाइप नुसता आत ढकलून बसणारा, जोड चालतो. अर्ध्या इंचाच्या पाइपावर टोकापासून १ इंचावर पेनाने खूण करा आणि खुणेपर्यंत पाइप आत गेल्याशिवाय काम झालं असं समजू नका. गाडी नव्वदच्या दशकाच्या मध्यापूर्वीची असेल आणि पाइप राखाडी असतील तर ते पॉलिब्युटिलिन आहेत. त्यांना पेक्सशी जोडणारे वेगळे ट्रान्झिशन जोड मिळतात, तेच वापरा.

पुढच्या वसंतात पाणी भरण्याआधी हवेने चाचणी करा. हीटर बायपासवर टाका, सिटी वॉटरच्या तोंडाला ब्लो-आउट प्लग (कॉम्प्रेसरची हवा आत सोडण्याचा जोड) लावा आणि कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर ३० पीएसआयवर ठेवून हवा भरा. ४० च्या वर जाऊ नका. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की तडा असेल तिथे फेस येतो आणि जमीन कोरडीच राहते. हिवाळ्यासाठी लाइनमध्ये आरव्हीचं गुलाबी अँटिफ्रीझ भरा. मोटारीच्या रेडिएटरचं नेहमीचं अँटिफ्रीझ इथे कधीही वापरू नका. त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं, आणि पिण्याच्या पाण्याच्या पाइपात ते विष आहे.

टेक्सासहून: वॉटर हीटर लावला की बाहेरच्या पितळी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. थंड झाल्यावर थांबतं. नवीन व्हॉल्व्ह बसवला, तरी तेच.

जुना व्हॉल्व्ह बहुधा चांगलाच होता. आरव्हीच्या ६ किंवा १० गॅलनच्या हीटरमध्ये वरच्या भागात हवेची एक पोकळी असते, आणि तापून फुगलेलं पाणी त्या पोकळीत सामावतं. काही आठवड्यांत ती हवा पाण्यात विरघळत जाते. मग फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, दाब चढतो आणि हा पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकून तो उतरवतो.

पोकळी परत करणं सोपं आहे. हीटर बंद करून पाणी पूर्ण निवू द्या, कारण गरम पाण्याने हात भाजतो. पंप आणि सिटी वॉटर दोन्ही बंद करा. सिंकचा गरम नळ उघडा. बाहेर येऊन व्हॉल्व्हची दांडी उचला आणि पाणी वाहायचं थांबेपर्यंत उचललेली ठेवा. दांडी सोडा ती चट्कन मिटेल अशी, गरम नळ बंद करा, पाणी सुरू करा. हे मोसमात दोन-तीनदा करावं लागलं तर तो बिघाड नाही.

हीटर थंड असतानाही ठिबकत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षार बसलेत. तेव्हा मात्र १५० पीएसआय आणि २१० अंश फॅरनहाइटचा, त्याच मापाचा व्हॉल्व्ह लावा. तिथे बूच मारून गळती थांबवण्याचा विचारही करू नका. तो व्हॉल्व्ह बंद केलेला हीटर फुटू शकतो. पाणी हीटरच्या खालच्या प्लगमधून येत असेल तर सबर्बन कंपनीच्या पोलादी टाकीत तिथे अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) असतो. तो काढून आटे साफ करा आणि टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे घेऊन बसवा. अ‍ॅटवूड कंपनीच्या टाकीला प्लॅस्टिकचा प्लग असतो, तो पान्याने जोर लावून पिळू नका.

कॅलिफोर्नियाहून: रेग्युलेटर गाडीच्या तोंडाशी लावावा की कॅम्पग्राउंडच्या नळाला?

नळाला. म्हणजे होजही वाचतो. ४५ ते ५० पीएसआयवर ठेवा. कॅम्पग्राउंडचा दाब, विशेषतः रात्री सगळे झोपल्यावर, ८० च्या वर जाऊ शकतो. गाडी सोडून फिरायला जाताना नळ बंद करूनच निघा: फुटलेल्या जोडातून पंप फार तर टाकीभर पाणी सांडेल, सिटी वॉटर तुम्ही परत येईपर्यंत सांडत राहील.

पुण्याहून: फोर्स ट्रॅव्हलरवर कॅम्परव्हॅन करून घेतली आहे. १०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, घरच्या प्लंबरने केलेली सीपीव्हीसीची लाइन. प्रत्येक घाट उतरला की एखादा सांधा पाझरतो.

तुमच्या प्लंबरने घरासाठी योग्य ते काम केलंय, पण घर हलत नाही. सीपीव्हीसी हा प्लॅस्टिकचा पाइप ताठ असतो. गतिरोधक आणि खड्ड्यांचे सगळे हादरे पाइपात न मुरता सांध्यांवर येतात आणि एल्बोच्या गळ्याशी केसासारखा तडा जातो. त्यात पंपाची थरथर.

दुसरं कारण दाबाचं. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून १० मीटर खाली आलेल्या पाण्याला जेमतेम १४ पीएसआय दाब असतो. तुमचा पंप त्याच्या चौपट दाब देतो. स्वस्त पंप म्हणून फवारणीचा पंप बसवला असेल तर त्याहूनही जास्त. पंपावरची पट्टी वाचा. कट-ऑफ, म्हणजे पंप बंद होण्याचा दाब, ५५ पीएसआयच्या वर असेल तर पंप बदला, नाहीतर कितीही सांधे बदलले तरी पुढचा कमकुवत सांधा फुटेल.

सगळी लाइन एकदम काढायची गरज नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट फूड-ग्रेड ब्रेडेड होज टाका, दोन्ही टोकांना स्टेनलेसच्या क्लिपा लावा आणि पंपाखाली रबरी पाय द्या. उरलेला पाइप दर ४० ते ५० सेंटिमीटरवर रबर लावलेल्या क्लॅम्पने गाडीला पकडा. पितळी आट्यांवर प्लॅस्टिकची कॉलर चढवलेली असेल तिथे पितळी आटेच दोन्हीकडे वापरा. टेफ्लॉन टेप फक्त आट्यांवर भरवसा असलेल्या जोडाला लावायची. आत रबरी वॉशर असलेला जोड वॉशरनेच बंद होतो, तिथे टेप लावली की नट नीट बसत नाही. असे प्लॅस्टिकचे नट हाताने घट्ट, वर फार तर पाव वेढा. नवा सीपीव्हीसी सांधा केलाच तर सोल्यूशन लावल्यावर २४ तास पाणी सोडू नका. पुढेमागे पाइप बदलायचा ठरला तर पेक्स घ्या. अर्ध्या इंची पेक्स आणि अर्ध्या इंची सीटीएस (तांब्याच्या पाइपाच्या मापाचा) सीपीव्हीसी यांचा बाहेरचा व्यास सारखाच, १५.९ मिलिमीटर असतो, त्यामुळे दोन्हींसाठी मान्यता असलेला पुश-फिट जोड वापरून एकेक तुकडा बदलता येतो.

अ‍ॅरिझोनाहून: ४० गॅलनची टाकी काठोकाठ भरून निघतो, पोचेपर्यंत पाव टाकी गायब. टाकी फुटली का?

उभ्या गाडीत टाकीवर पातळीची खूण करा, पंप बंद ठेवा आणि रात्रभर बघा. पातळी तशीच राहिली तर टाकी धड आहे. वळणांवर आणि ब्रेक लावताना पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत उसळतं, आणि नळी खाली लोंबत असेल तर सायफन सुरू होऊन पाणी ओढलं जातं. नळीच्या टोकाला छोटा व्हॉल्व्ह लावून प्रवासात तो बंद ठेवा, पण भरताना आणि पंप वापरताना उघडायला विसरू नका. हवेला वाट नसेल तर टाकी फुगते किंवा आत ओढली जाते. पातळी उतरली तर आधी तळाची ड्रेन कॉक बघा, मग टाकीच्या फिटिंगा. ४० गॅलन पाण्याचं वजन जवळपास १५० किलो भरतं, टाकीखालच्या पट्ट्या सैल असतील तर तो सगळा भार फिटिंगवर येतो. आरव्हीच्या टाक्या बहुतेक पॉलिएथिलीनच्या असतात, त्यावर एपॉक्सी किंवा एम-सील टिकत नाही. तडा प्लॅस्टिक वेल्डिंगने भरून घ्या, आणि फिटिंगच उपटली असेल तर भोक मोठं करून दोन्हीकडून वॉशर असलेली बल्कहेड फिटिंग बसवा. पट्ट्या आधी आवळा, फिटिंग नंतर.