बाईकचे ब्रेक गंजलेत आणि दाबल्यावर सुटत नाहीत, कॅलिपर बदलावाच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी बरेच महिने कव्हर घालून उभी होती, आता बाहेर काढली तर पुढचा डिस्क ब्रेक सारखा घासतोय, मागचा ड्रम एकदा दाबला की धरूनच ठेवतो, जिकडे तिकडे गंज दिसतोय आणि मेकॅनिक म्हणतोय अख्खा कॅलिपरच (चाकावरच्या चकतीला, म्हणजे डिस्कला, चिमटणारा भाग) टाका नवा. माझं ऐकाल तर अजून काहीच विकत घेऊ नका, आधी अडकतंय कुठे ते शोधा, कारण अशा उभ्या राहिलेल्या गाडीत बहुतेक वेळा कॅलिपरची बॉडी ठणठणीत असते आणि अडकलेलं असतं ते त्यातलं एखादं छोटं काहीतरी.

एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ब्रेक लागताना तुमच्या हाताचा जोर ब्रेक ऑइलमधून कितीतरी पट वाढून पिस्टनवर, म्हणजे घासणाऱ्या पॅडना चकतीवर दाबणाऱ्या दट्ट्यावर येतो, त्यामुळे थोडाफार गंज असला तरी ब्रेक लागतोच. सुटताना मात्र असा कुठलाच जोर नसतो. डिस्कमध्ये पिस्टनभोवती चौकोनी कापाचं रबरी सील असतं, ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर जरासं पुढे झुकतं आणि लिव्हर सोडला की परत सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं, बस एवढंच. ड्रममध्ये हे काम शूच्या, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांच्या, स्प्रिंगा करतात. म्हणजे लावायला भरपूर ताकद आणि सोडायला अगदी थोडी, म्हणून गंज चढला की पहिला मार सुटण्यावर बसतो.

आता पुढच्या चाकाची तपासणी. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचललं जाईल असा आधार द्या, ब्रेक एकदा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. हलकं घासल्याचा आवाज येणं नॉर्मल आहे, पण ढकलल्यावर एक फेराही होत नसेल तर ब्रेक धरतोय. मग कॅलिपरच्या ब्लीड निपलला (ऑइल बाहेर काढायचं छोटं तोंड) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं, तर तुमचा कॅलिपर निर्दोष आहे, प्रेशर वरती, लिव्हरच्या बाजूला कुठेतरी कोंडतंय. निपल उघडूनही चाक तसंच घट्ट असेल तर दोष खाली, म्हणजे पिस्टन, सील, स्लाइड पिन किंवा पॅडमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करताच पार्ट बदलले जातात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोष वरचा निघाला तर आधी लिव्हर बघा. लिव्हरला सुरुवातीला थोडी मोकळी चाल असलीच पाहिजे. लिव्हरचा बोल्ट सुकून गंजला असेल किंवा कुणी बाजारातला दुसरा लिव्हर बसवला असेल तर तो मास्टर सिलिंडरचा (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा भाग) पिस्टन कायम थोडा दाबून धरतो. मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक अगदी बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं, त्यातून ऑइल परत टाकीत जातं. ते भोक झाकलं गेलं किंवा जुन्या ऑइलच्या गाळाने बुजलं की ऑइलला परतीची वाटच राहत नाही, मग चालवता चालवता ऑइल गरम होऊन फुगतं आणि तुम्ही हात न लावता ब्रेक आवळत जातो. हे फार धोक्याचं आहे, भर रस्त्यात पुढचं चाक जाम होऊ शकतं. भोक मोकळं करा, लिव्हरचा बोल्ट साफ करून ग्रीस लावा. एवढं करूनही फरक नाही पडला तर होजवर, म्हणजे मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंतच्या नळीवर शंका घ्या, जुना रबरी होज आतून फुगला की ऑइल खाली जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. मास्टर सिलिंडरकडचा बँजो बोल्ट (होज जोडणारा पोकळ बोल्ट) सैल केल्यावर चाक सुटत नाही आणि खालचं निपल उघडल्यावर सुटतं, असं दिसलं तर होजच खराब, बदलून टाका.

उभ्या राहिलेल्या गाडीत मात्र जास्त करून दोष खालीच निघतो, म्हणून कॅलिपरचं जरा सविस्तर सांगतो. कॅलिपर गाडीवर असतानाच पॅड पिन आणि बँजो बोल्ट किंचित सैल करून परत हलके आवळून ठेवा, हातात आल्यावर धरायला काही राहत नाही आणि गंजलेल्या पिनचं डोकं झिजतं. पिनच्या खाचेतली माती आधी कोरून काढा, ॲलन की हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवा आणि मगच जोर लावा. गंज सोडवायचा स्प्रे मारायचा तर थेंबभर आणि पिनवरच, पॅडवर किंवा चकतीवर गेला तर ते पॅड फेकायचे. पॅड बाहेर आले की कडेने बघा, लोखंडी पत्रा आणि लायनिंग (घासणारा थर) यांच्यामध्ये गंज शिरून लायनिंग उचललं गेलं असेल तर कितीही जाड शिल्लक असो, नवीन घ्या.

मग पॅडशिवाय, मध्ये लाकडाची पट्टी धरून लिव्हर हळूहळू दाबा, पिस्टन बाहेर येतील. दोन पिस्टन असतील तर मोकळा लगेच येतो आणि अडकलेला तसाच बसून राहतो, अशा वेळी मोकळ्याला दाबून धरा म्हणजे सगळं प्रेशर अडकलेल्यावर जाईल. कंप्रेसरच्या हवेने पिस्टन उडवायचा प्रकार करू नका, बोटं चिरडतात. पिस्टन बाहेर आल्यावर त्याचं क्रोम नखाने चाचपून बघा. नुसता मळ किंवा डाग असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून गोल गोल हलक्या हाताने फिरवला की निघतो. नखाला खड्डा लागला तर पिस्टन बदला. इथे बरेच जण म्हणतात खड्डे फक्त बाहेरच्या टोकाला आहेत, सीलपर्यंत पोचत नाहीत, चालेल. नाही चालत, कारण जुने पॅड झिजलेले असतात म्हणून पिस्टन बाहेर आलेला असतो, नवे जाड पॅड टाकले की तेच खड्ड्याचं टोक आत सरकून नेमकं सीलखाली येतं आणि ऑइल पाझरायला लागतं. ह्याच कारणासाठी नवे पॅड टाकताना मळलेला पिस्टन तसाच आत ढकलू नका, साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन मगच ढकला.

आणि आता ती जागा जी सगळ्यात जास्त सुटते. दोन्ही सीलं काढली की, बाहेरचं धुळीचं आणि आतलं प्रेशरचं, त्यांच्या खाचा टॉर्च मारून बघा. ॲल्युमिनियमवर पांढरी, खडूसारखी पण कडक पापडी जमलेली दिसेल. ही पापडी सीलच्या पाठीमागून वाढते, सीलला आतल्या बाजूला रेटते आणि सील पिस्टनला आवळून धरतं. लोक नवीन सील किट टाकतात, खाच साफ करत नाहीत आणि म्हणतात एवढं करूनही ब्रेक घासतोच. घासणारच, नवं सीलही त्याच पापडीवर बसलंय ना. वाकड्या टोकाच्या पिकने पूर्ण गोल फिरत खरवडा, कोपऱ्यातलं सुद्धा, फक्त खाचेच्या भिंतीवर ओरखडा पडू देऊ नका. मग ब्रेक क्लीनर मारा, नव्या सीलला ताजं ब्रेक ऑइल किंवा रबरसाठीचं ग्रीस लावा, पिस्टन सरळ ठेवून अंगठ्याने दाबा. तो अंगठ्याच्या जोराने आत गेला पाहिजे, ठोकावं लागत असेल तर काहीतरी राहिलंय, परत काढा आणि बघा. साधं चेसिस ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोल, रॉकेल ह्यातलं काहीही सीलच्या जवळ नको, रबर फुगतं आणि पुन्हा तोच त्रास सुरू होतो.

कॅलिपर फ्लोटिंग असेल, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला, तर तो दोन स्लाइड पिनांवर सरकतो. एका बाजूचा पॅड जास्त झिजलाय असं दिसलं तर पिन अडकल्यात असं धरून चाला. काढून जुनं वाळलेलं ग्रीस पुसा, गंज घासा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या, रबरी बूट फाटला असेल तर बदला. पिन आत ढकलताना बूटची कड उचलून आतली हवा जाऊ द्या, नाहीतर कोंडलेली हवा कॅलिपरला परत ढकलत राहते.

चकतीवरचा लालसर गंज पाहून घाबरू नका, पॅड घासले की तो पहिल्या काही ब्रेकमध्येच जातो. खोल खड्डे असतील किंवा चकतीवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल तरच बदला.

मागच्या ड्रमचं वेगळं आहे. तुमचा पाय सोडल्यावर पॅडल खालीच राहतं का ते आधी बघा. राहत असेल तर पॅडलचा पिव्हट गंजलाय, तो काढून घासून ग्रीस लावलं की निम्म्या वेळा काम तिथेच संपतं, चाक काढायचीही गरज नाही. पॅडल वर येतंय पण ड्रमवरचा ब्रेक आर्म मागे येत नसेल तर कॅमचा शाफ्ट (शूंना पसरवणारा दांडा) त्याच्या भोकात सुकून जाम झालाय. चाक काढा, आर्म कुठल्या दातावर बसलाय त्याची खूण करून ठेवा, शाफ्ट बाहेर काढून शाफ्ट आणि भोक दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, जास्त उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावा आणि बाहेर आलेलं पुसून टाका, कारण जास्तीचं ग्रीस वितळून लायनिंगवर गेलं की ब्रेकच लागणार नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका किंवा हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. शूच्या स्प्रिंगा ताणलेल्या किंवा गंजलेल्या असतील तर बदला.

परत बसवताना ब्रेक पॅडल दाबून धरूनच एक्सलचा नट आवळा म्हणजे शू ड्रमच्या बरोबर मध्ये बसतात. ब्रेक प्लेटला धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट आणि त्यातली कॉटर पिन विसरू नका, ती पट्टी सुटली तर अख्खी प्लेट फिरते आणि चाक जागच्या जागी जाम होतं. पॅडलची मोकळी चाल साधारण २० ते ३० मिलीमीटर ठेवा, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो. आणि चेन टाईट करताना चाक मागे सरकतं, त्याबरोबर ब्रेक रॉड ताणला जाऊन ही चाल कमी होते, म्हणून चेननंतर ब्रेक परत ॲडजस्ट करायचाच.

ऑइल आता बदलाच. डॉट ३, ४ आणि ५.१ ह्या प्रकारांची ब्रेक ऑइलं हवेतला ओलावा ओढून घेतात आणि आतून गंज लावतात, शिवाय डॉट ४ चा उकळबिंदू नव्याने किमान २३० अंश असतो तो ओलावा धरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. दर २ वर्षांनी बदलायचं, सीलबंद बाटलीतलंच घ्यायचं, आणि डॉट ५ सिलिकॉनचं असतं ते ह्यांच्यात अजिबात मिसळायचं नाही. पेंटवर सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा. गाडीला एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्लीड करताना, म्हणजे ऑइलमधली हवा काढताना, ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका, एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (प्रेशर सांभाळणारं युनिट) हवा गेली तर ती काढायला वर्कशॉपचं मशीन लागू शकतं. बँजोचे वॉशर दर वेळी नवे घाला.

सगळं झाल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर पंप करा, पिस्टन आत ढकललेले असतात म्हणून पहिले काही दाब पोकळच जातात. लिव्हर कडक लागला की तो जोरात दाबून धरा आणि सगळे सांधे बोटाने पुसून बघा कुठे ओल येतेय का. मग मोकळ्या जागेत हळू चालवा, काही वेळ शक्यतो ब्रेक न मारता, थांबा आणि चकतीवर पाण्याचे दोन थेंब टाका, हात लावू नका. थेंब चुरचुरून उडाले तर अजून कुठेतरी धरतोय, निपलची तपासणी परत करा. नुसते ओघळले तर चाक पुन्हा उचलून एकदा फिरवून बघा आणि दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना तेच परत करा, कारण सीलमध्ये काही राहिलं असेल तर ते रात्रभर उभी राहिल्यावरच कळतं.