हरभरा मरतोय, थंडीचं वाण आणू का?

प्रश्न: सर, शेत शिरूरकडं आहे, नोकरी पुण्यात, त्यामुळं शनिवार-रविवारच रानात जाणं होतं. त्याच रानात सलग तिसऱ्या वर्षी हरभरा केलाय. महिन्याभराची झाडं मधूनमधून माना टाकतायत, आणि मागच्या साली डिसेंबरात फुलं पण गळली. थंडी सोसणारं वाण कुठं मिळेल? – एक वाचक, वाघोली

उत्तर: दादा, तुमचं दुखणं थंडीचं नाहीये. दिवसरात्रीची सरासरी 15 अंशाच्या खाली गेली की हरभऱ्याचे परागकण नीट काम करत नाहीत, मग फूल येतं पण घाटा धरत नाही. शिरूरला रात्री पारा 9 अंशावर आला तरी दुपारी 28 असतं, म्हणजे सरासरी साडेअठरा. ही अडचण पंजाब-हरियाणाची, आणि ऑस्ट्रेलियाची, तिथं तर थंडीत टिकणारे परागकण निवडून सोनाली, रुपाली असे वाण काढलेत. तुमची फुलं ढगाळ हवेनं नाहीतर जास्त पाण्यानं गळली असणार, भारी रानात पाणी जास्त झालं की हरभरा नुसता माजतो.

खरी काळजी मरीची करा, म्हणजे मातीतल्या बुरशीनं झाड वाळून मरतं त्या रोगाची. मान टाकलेलं झाड उपटून मुळाजवळचं खोड उभं चिरा, आत काळपट रेघ दिसली की समजा मर. मूळ ठिसूळ होऊन उपटतानाच तुटलं, बारीक मुळं झडलेली असली तर ती कोरडी मूळकुज, ती जास्त करून फुलोऱ्यानंतर ऊन वाढून ओल तुटली की येते. हे बघाच, कारण मरीला दाद न देणारं वाण मूळकुजीला टिकेलच असं नाही.

असे वाण निवडायला मुद्दाम मरीनं भरलेलं रान ठेवतात, मधेमधे जेजी 62 हे लगेच मरणारं वाण पेरतात, ते सगळं मेलं की कळतं रोग रानभर आहे, आणि त्यातही जे उभं राहतं तेच पुढं नेतात. इतकी मेहनत आहे त्यामागं, म्हणून विजय किंवा दिग्विजय या मरीला दाद न देणाऱ्या वाणांचं प्रमाणित बियाणंच घ्या, रोगट रानातलं घरचं बी अजिबात धरू नका, बुरशी बियातूनही जाते.

ही बुरशी हरभरा नसतानाही मातीत 6 वर्षांपर्यंत राहते, त्यामुळं एक साल ज्वारी करून रान साफ होत नाही, पण ज्वारी कराच, जोर कमी होतो. पुन्हा हरभरा कराल तेव्हा किलोभर बियाला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला दाबणारी चांगली बुरशी, चोळा आणि बागायती पेरणी 20 ऑक्टोबरनंतरच करा, तापलेल्या जमिनीत मर जास्त लागते. घाटे अळीला मात्र यातलं काहीच चालत नाही, तिच्यासाठी कळ्या दिसताच हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे सापळे, लावा.